आपल्या वहीत त्यांचे घराणे

मारवाडातून वऱ्हाडात येऊन स्थिरावलेल्या व्यापारी कुटुंबाला मूळ गाव विचारले, तर उत्तर तत्काळ मिळते. गाव, गोत्र, कुलदेवी आणि वऱ्हाडात प्रथम पाऊल ठेवणाऱ्या पूर्वजाचे नाव घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. भाटांच्या बह्या आहेत, कुलगुरूंनी राखलेल्या वंशावळी आहेत आणि पेढीच्या जुन्या वह्याही आहेत.

हाच प्रश्न यवतमाळमधील एखाद्या कष्टकरी दाम्पत्याला विचारावा. पती बाजारात हमाली करतो, पत्नीने उमेदीची वर्षे जिनिंगमध्ये घालविलेली. आजोबांच्या नावापाशी दोघांचीही स्मृती थांबते. आजी कोणत्या गावची, हे तर बहुधा कोणालाच सांगता येत नाही. याचा अर्थ त्यांना घराणे नाही असा मुळीच नव्हे. त्यांच्या घराण्याची नोंद त्यांच्या घरात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

शोधाची निकड

पूर्वजांचा शोध हा अशा कुटुंबांसाठी हौसेचा विषय नसतो. नातवाला जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी हवी असेल, तर अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 या दिनांकांपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. त्यातही स्वातंत्र्यपूर्व कागदाला अधिक वजन असते. शेत नाही म्हणून सातबारा नाही. आजोबा शाळेत गेले नाहीत म्हणून दाखला नाही. एका जुन्या कागदाअभावी मुलाचा प्रवेश अडतो.

आरंभ घरातून

शोधाची पहिली पायरी म्हणजे वडीलधाऱ्यांना बोलते करणे. रिझर्व्ह बँकेचे प्रमुख अर्थतज्ज्ञ राहिलेले डॉ. नरेंद्र जाधव यांचे वडील दामू हे नाशिक जिल्ह्यातील ओझरहून मुंबईत आलेले, पोर्ट ट्रस्टमधील कामगार. निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी कागदावर उतरविल्या. त्यांच्या आधारे 1993 मध्ये ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे पुस्तक सिद्ध झाले. वडिलांना वेळीच कोणी विचारले नसते, तर एका कामगार दाम्पत्याचा हा इतिहास त्यांच्याबरोबरच लोपला असता.

घरातील वस्तूही बोलतात. लग्नात आलेल्या पितळी भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरलेली असते. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर वारसाचे नाव असते. जुन्या शिधापत्रिकेवर आता हयात नसलेली माणसे सापडतात.

सरकारी दप्तर

घरातून गावाचे नाव हाती आले, की तहसील कार्यालयाचे दप्तर गाठावे. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असलेले कोतवाल बुक आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर ही त्यातील मुख्य साधने. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा अशाच दप्तरांची राज्यभर छाननी झाली.

मात्र यवतमाळ जिल्ह्यात शोधणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1905 पूर्वी हा ‘वणी’ जिल्हा होता आणि पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात होता. 1903 पासून वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताशी जोडला गेला. 1950 नंतर हा भाग मध्य प्रदेशात, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. गाव जागचे हलले नाही, दप्तराचे शीर्षक मात्र बदलत राहिले.

जुन्या नोंदीत आडनाव क्वचितच आढळते. पुरुषाच्या नावापुढे ‘वल्द’ म्हणून बापाचे नाव, स्त्रीच्या नावापुढे ‘जौजे’ म्हणून पतीचे. पुष्कळदा बाळाचे नावही नसते, केवळ ‘मुलगी’ एवढेच. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मतदारयादीतून देशभरातील सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली, कारण अमक्याची पत्नी किंवा तमक्याची आई याखेरीज त्यांनी आपली ओळखच सांगितली नव्हती. म्हणून पत्नीच्या माहेरचा शोध नेहमीच अधिक कठीण ठरतो आणि तो आधी हाती घ्यावा लागतो.

आपल्या माळ्यावरील वह्या

येथे व्यापारी कुटुंबांचा संबंध येतो. यवतमाळ हा कापसाचा मुलूख. शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवरून येथील गाठी मूर्तिजापूरला आणि तेथून मुंबईकडे जात. या कापसाभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडती आणि पेढ्या उभ्या राहिल्या. सरकी वेगळी करणारे, गाठी उचलणारे, बैलगाड्या हाकणारे हजारो हात त्यांत राबले. त्यांची नावे हजेरीपटावर आली, रोजमेळात मजुरी म्हणून आली आणि खतावणीत उचल म्हणूनही आली. नावाबरोबर बापाचे नाव आणि पुष्कळदा गावही लिहिले जाई, कारण उचल वसूल करायची तर माणूस कुठला हे ठाऊक असणे पेढीला आवश्यक होते.

हे सत्य काहीसे बोचणारे आहे. त्या माणसाचे नाव बहुधा ‘जमा’कडे नसून ‘नावे’ या बाजूला आहे. परंतु ज्या हिशेबाने त्याला एकेकाळी ऋणको ठरविले, तोच हिशेब आज त्याच्या पणतवाला आपले गाव सांगू शकतो.

खासगी वही हा एकट्याने पुरेसा पुरावा ठरेलच असे नाही; पण कोणत्या गावचे कोतवाल बुक उघडावे, हे ती दाखविते. वाचताना तिथी विक्रम संवताची आहे हे लक्षात घ्यावे. दिवाळीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदीसाठी संवतातून 57 आणि त्यानंतरच्या नोंदीसाठी 56 वजा केले, की इसवी सन मिळतो. लिपी मोडी किंवा महाजनी असल्यास घरातील वृद्धांकडून आताच वाचून घ्यावी. ती वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

जुने जिनिंग विकले जाते, तेथे भूखंड पडतात आणि दप्तर रद्दीत जाते. किलोने विकल्या जाणाऱ्या त्या कागदांत आपल्या पेढीचा इतिहास असतो, तसा दुसऱ्या अनेक घरांचाही असतो. त्या घरांना तो अन्यत्र कोठेही मिळणार नाही. कोणी आजोबांचे नाव शोधत दारी आला, तर त्याला आदराने बसवावे आणि वही उघडावी. इतरांच्या देण्याघेण्याचा तपशील झाकून त्याचे तेवढे पान दाखवावे, त्याचे छायाचित्र घेऊ द्यावे.

दिवाळीला वहीपूजन होते, ज्ञानपंचमीला ग्रंथांची धूळ पुसून त्यांना वंदन केले जाते. यंदा त्याच दिवशी माळ्यावरील जुन्या वह्याही उतरवाव्यात. ज्यांच्या श्रमावर पेढी उभी राहिली, त्यांचे एवढे देणे अद्याप बाकी आहे.