कापसाच्या भावापासून आझाद मैदानापर्यंत

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं आणि इकडे खानदेशातल्या कापूस पेठेने हाय खाल्ली. चार वर्षांत तिकडे सहा लाखांहून जास्त सैनिक मेले होते, चाळीस लाख गुलामांच्या बेड्या तुटत होत्या. आपल्याकडे मात्र ती शांतता म्हणजे संकट ठरली. युद्धात दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा दलालांची नजर वऱ्हाड-खानदेशाकडे वळली होती. त्याच सुमारास रेल्वे भुसावळपर्यंत आली. नशिराबादपासून हाकेच्या अंतरावरचं जळगाव या चार वर्षांत कापसाची मोठी पेठ बनलं. पुढे भाव कोसळले, मुंबईत बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरांची रद्दी झाली, आणि जळगावलाही जबर फटका बसला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात सापडते.

नशिराबादच्या शेतकऱ्याला व्हर्जिनियातली लढाई कळली असेल तर ती भावातूनच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण ज्यांना सगळं ठाऊक होतं त्यांचं काय? मुंबईचे कापूसवाले विलायतेच्या टपालाची वाट बघत बसायचे आणि तहाची कुणकुण लागली की त्यांच्या पोटात गोळा यायचा. त्याच कापसाच्या दुष्काळात मँचेस्टरच्या गिरणी कामगारांच्या चुली थंडावल्या होत्या. तरी ३१ डिसेंबर १८६२ रोजी त्यांच्यातल्या काहींनी सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं. सगळे इंग्रज असे नव्हते. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचा कल गुलाम राखणाऱ्या दक्षिणेकडेच होता. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या कापसाच्या गासडीमागचा माणूस मराठीत एवढ्या ठसठशीतपणे त्याआधी कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

पुढचा टप्पाही जवळचाच आहे. डिसेंबर १९३६ मध्ये तापीपलीकडे फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावाकडच्या साध्या साहित्यातून टिळकनगर सजवलं, धनाजी नाना चौधरींसारखी स्थानिक मंडळी राबली, स्वागताध्यक्ष शंकरराव देव होते. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू खानदेशी शेतकऱ्यांपुढे बोलायला उभे राहिले आणि स्पेनमधल्या यादवीबद्दल, फॅसिझमबद्दल बोलले. समोर बसलेल्या किती जणांना माद्रिद कुठे आहे हे ठाऊक असेल? पण याच अधिवेशनात शेतकी कार्यक्रम मंजूर झाला: सारा आणि खंड कमी करा, शेतकऱ्याच्या कर्जाचा बोजा हलका करा. स्पेन आणि शेतसारा एकाच मांडवात मावले. आधी घरचं बघा, मग जगाचं, असं म्हणून कुणी स्पेनला मांडवाबाहेर काढलं नाही.

दोन वर्षांनी चीनची पाळी आली. जपानी बॉम्बखाली होरपळणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने निधी गोळा केला आणि सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघालं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस परत आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच गेले. या सहानुभूतीत राजकारण नव्हतं असं नाही. साम्राज्यशाहीविरोधी आघाडी दाखवायची होतीच. पण ते राजकारण ठराव करून थांबलं नाही, त्याने डॉक्टर आणि औषधं पाठवली. पुढचा इतिहास पाहता हा फरक मला मोठा वाटतो.

स्वातंत्र्यानंतरची आपली हळहळ ज्याच्या त्याच्या बाजूप्रमाणे वाटली गेली. साठ-सत्तरच्या दशकात व्हिएतनामवर मोर्चे निघाले, कविता झाल्या. निघायलाच हव्या होत्या. १९६८ मध्ये माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र बायका-पोरं मारली होती. त्याच वर्षांत नायजेरियातल्या बियाफ्रामध्ये कोंडी करून लाखो माणसं उपासमारीने मारली गेली. ते नाव मराठी घरांत फारसं पोचलंच नाही, कारण तिथे अमेरिकेला शिव्या देण्याची सोय नव्हती. मग १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत रणगाडे अफगाणिस्तानात शिरले. जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत तटस्थ राहिला, आणि व्हिएतनामसाठी घसा कोरडा केलेले अनेक जणही तटस्थच राहिले. पन्नास लाखांहून अधिक अफगाण देशोधडीला लागले. त्यांच्या खेड्यांवर पडलेले बॉम्ब मित्रदेशाचे होते, एवढंच.

अलीकडे आपलं लक्ष किती दिवस टिकतं हे जवळजवळ तारखांनिशी मोजता येतं. येमेनमध्ये मार्च २०१५ मध्ये हवाई हल्ले सुरू झाले. ‘ऑपरेशन राहत’मध्ये साडेचार हजारांवर भारतीय बाहेर काढले, छान बातम्या आल्या, आणि येमेन आपल्या पानांवरून गेला. २०२१ अखेरपर्यंत तिथले बळी ३ लाख ७७ हजारांवर गेले असतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यातले निम्म्याहून अधिक भूक आणि रोगराईचे. येमेन परत दिसला तो २०२४ च्या सुरुवातीला, शेतीच्या बातम्यांत. तिथल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालवले, युरोपला जाणारे नाशिकच्या द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, भाडं चढलं. म्हणजे आपण १८६५ च्याच वाटेने येमेनपर्यंत पोचलो.

युक्रेनचं थोडं वेगळं झालं. तिथे आपली मुलं मेडिकलला होती. मार्च २०२२ मध्ये खारकीव्हला कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला तेव्हा सगळा देश हळहळला. ‘ऑपरेशन गंगा’ने बावीस हजारांवर माणसं परत आणली. त्यानंतर युक्रेन म्हणजे आपल्या लेखी सूर्यफुलाच्या तेलाचा भाव. खारकीव्हवर बॉम्ब पडायचे थांबले नव्हते.

आणि गाझा. नशिराबादसारख्या मिश्र वस्तीच्या गावात शेजारी राहणाऱ्या दोन घरांतल्या मोबाइलवर दोन वेगळी युद्धं दिसतात. एकावर ढिगाऱ्यातून काढलेली लेकरं, दुसऱ्यावर ७ ऑक्टोबर २०२३ ची कत्तल आणि ओलीस. दोन्ही खरी. पण दोन्ही एकाच मोबाइलवर क्वचितच. जुलै २०२५ मध्ये, गाझातल्या मृतांचा आकडा साठ हजारांच्या घरात गेलेला असताना, आझाद मैदानावर निषेध करू द्यावा ही माकपची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. सुनावणीत खंडपीठाने ऐकवलं की कचरा, प्रदूषण, सांडपाणी, पूर असे आपल्याकडचे प्रश्न थोडे आहेत का, आधी देशाकडे बघा. ऑगस्टमध्ये पोलिसांनीच परवानगी दिली आणि सभा झाली. न्यायालयाचा आदर राखूनही म्हणावंसं वाटतं की फैजपूरच्या मांडवात हा युक्तिवाद टिकला नसता. ‘तेव्हा कुठे होतात?’ हा प्रश्नही असाच. मी तो वर व्हिएतनामवाल्यांना विचारलाच आहे आणि तो विचारायलाही हवा. पण आज तो विचारणाऱ्यांपैकी अनेकांना ना गाझाबद्दल बोलायचं असतं, ना दुसऱ्या कुणाबद्दल.

दूरच्यांच्या लेखी आपणही एकदा असेच होतो. १८०१ मध्ये जुबा नावाच्या लुटारूने नशिराबाद लुटलं, आणि १८०३ च्या दुष्काळाच्या तोंडावर पेशव्यांच्याच एका अधिकाऱ्याने पुन्हा लुटलं. होळकर-शिंद्यांच्या फौजांनी आधीच उजाड केलेला हा मुलूख त्या दुष्काळात उपाशी मेला. इंग्लंडच्या लेखी १८०३ म्हणजे असईची लढाई आणि पुढे वेलिंग्टन झालेल्या सेनापतीचं शौर्य. नशिराबादच्या वाट्याला गॅझेटियरच्या दोन-तीन ओळी आल्या, त्याही काही दशकांनी.

सध्या सुदान आहे. एप्रिल २०२३ मध्ये लढाई पेटली, ‘ऑपरेशन कावेरी’ने आपली पावणेचार हजारांवर माणसं आणली, विषय मिटला. तिकडे एक कोटीहून अधिक लोक घरदार सोडून पळाले. दीड वर्षाच्या वेढ्यानंतर २६ ऑक्टोबर २०२५ रोजी अल-फाशिर पडलं आणि शहरात कत्तल झाली. मारणारे मुसलमान, मरणारे मुसलमान. आपल्याकडच्या कुठल्याच भांडणात हे युद्ध बसत नाही, म्हणून शेजारच्या त्या दोन्ही मोबाइलांवर ते नाही. सुदानशी आपला एक संबंध मात्र आहे. बाभळीच्या जातीच्या झाडांच्या डिंकाचा तो जगातला सर्वांत मोठा उत्पादक. ती झाडं कोर्दोफान आणि दारफूरमध्ये, म्हणजे नेमकी रणभूमीवर. भारतही तिकडून डिंक आणतो. थंडीत लाडवांसाठी डिंक घ्यायला गेल्यावर भाव चढलेला दिसला, तर नशिराबादच्या किराणा दुकानात सुदानचं नाव निघेल.