गॅरेजमधील शस्त्रक्रिया : मजुरीचे तास आणि कारागिराची निवड

‘डॉक्टर, किती वेळ लागेल?’ हा प्रश्न रुग्णाचे नातेवाईक आपणास नेहमीच विचारतात. काही वर्षांपूर्वी तोच प्रश्न घेऊन मी एका गॅरेजमध्ये उभा होतो. माझ्या जुन्या दोन आसनी स्पोर्ट्स कारचे ब्रेकचे काम होते. ‘संध्याकाळी गाडी न्या’ असे उत्तर मिळाले आणि काम स्वस्त व जलद होते म्हणून मी होकार दिला. दुसऱ्या दिवशी अहमदाबाद द्रुतगती मार्गावर ब्रेकचे पेडल थेट तळाशी गेले. शेजारी मुलगा बसला होता. गिअर उतरवीत, हँडब्रेक हळूहळू ओढीत गाडी कडेला थांबली. ब्रेक ऑइलच्या नळीचा सांधा पुरता आवळलेलाच नव्हता.

मजुरीचा हिशेब वरवर साधा असतो : कामाचे तास गुणिले तासाचा दर. कोणत्या कामास किती तास लागावेत, हे उत्पादक कंपनी ठरवून देते. मात्र जुना, गंजलेला बोल्ट तुटला की हा हिशेब कोलमडतो. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या पोटातील चिकटलेली आतडी सोडविताना आपलेही असेच होते.

स्पोर्ट्स कारमध्ये बराच वेळ बिघाडापर्यंत पोहोचण्यातच जातो. फेरारी एफ ३५५ या गाडीचे इंजिन आसनांच्या मागे असते. तिचा टायमिंग बेल्ट बदलण्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरविण्याची रीत आहे. म्हणून एकाच छेदातून होणारी कामे एकत्र करावीत. समजा, क्लचला ८ तास आणि इंजिनच्या मागील ऑइल सीलला ८॥ तास लागतात; पैकी गिअरबॉक्स काढण्या-बसविण्याचे ७ तास दोन्हींत समान आहेत. एकत्र कामास १६॥ नव्हे, ९॥ तासच आकारले जावेत. तासाला १,००० रुपये दर धरला तर फरक ७,००० रुपयांचा!

कारागीर निवडताना त्याच जातीच्या गाडीचा अनुभव पाहावा. गोव्यात वेर्णा येथे तयार झालेली, १९९८ मध्ये बाजारात आलेली ‘सॅन स्टॉर्म’ घ्या. तिचे इंजिन रेनॉचे, पण बाह्यांग फायबरचे. तेथे पत्रा ठोकणाऱ्याची हातोडी निरुपयोगी.

सुटे भाग व तास वेगवेगळे दाखविणारे लेखी अंदाजपत्रक मागावे. वाढीव कामापूर्वी आपली संमती घेतली जाईल ना, काढलेले भाग परत मिळतील ना, बोल्ट टॉर्क रेंचने मापून आवळले जातात ना आणि काम झाल्यावर चाचणी कोण घेणार, हेही विचारावे. या प्रश्नांनी चांगला कारागीर रागावत नाही. चांगला डॉक्टरही रागावत नाही.

१८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापून ज्या नगरीत हातांच्या कौशल्याला शास्त्राची जोड दिली, त्या वडोदऱ्यात कुशल हातांची वाण नाही. मी त्या दिवशी केवळ ‘किती वेळ?’ एवढेच विचारले होते. आता आधी ‘काम कसे करणार?’ असे विचारतो.