‘पाठवावा’ म्हणजे नेमकं काय?

सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणाऱ्या अनेकांच्या तोंडी कन्नड असतं, आणि कॉलेजात, बाजारात सगळ्यांची गाठ मराठीशी पडते. अशा शहरातल्या एखाद्या मुलीला मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरच्या कामात हात घालायचा असेल, तर कोडच्या आधी तिच्यापुढे नियम येतात. दुरुस्ती कशी पाठवायची, तपासणार कोण, मूळ कोडमध्ये थेट बदल करायची मुभा कुणाला. हे नियम मराठीत लिहायला बसलं की पहिल्याच वाक्याला अडखळायला होतं.

‘बदल करण्यापूर्वी प्रस्ताव पाठवावा.’ हा हुकूम, सल्ला, की नुसती अपेक्षा? नोटिशीतलं ‘हजर राहावे’ म्हणजे राहिलंच पाहिजे. लग्नपत्रिकेतलं ‘अगत्य यावे’ ही विनंती. ‘-वा’, ‘-वे’ या विध्यर्थाच्या रूपांत दोन्ही मावतात. इंग्रजीतही असा घोळ होताच. म्हणून इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी स्कॉट ब्रॅडनर यांनी मार्च 1997 मध्ये ‘आरएफसी 2119’ हा छोटासा दस्तऐवज लिहिला आणि ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ यांचे अर्थ पक्के केले. आपल्याकडे तर शब्द तयारच आहेत: ‘पाठवलाच पाहिजे’, ‘पाठवलेला बरा’, ‘नाही पाठवला तरी चालेल’. बोलताना आपण ते बिनचूक वापरतो, आणि नियम लिहिताना नेमके सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी खोड कर्त्याला लपवण्याची. ‘अनुचित योगदान काढून टाकण्यात येईल.’ कोण काढणार? अनुचित कशाला म्हणायचं? दाद कुणाकडे मागायची? त्याऐवजी असं लिहिता येतं: ‘तुमचा बदल प्रचालक मागे घेऊ शकतात. कारण त्यांनी लिहिलंच पाहिजे. पटलं नाही तर चावडीवर विचारा.’

प्रचालक आणि चावडी हे शब्द मराठी विकिपीडियाचे. 2003 पासूनचा हा ज्ञानकोश मीडियाविकी या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर चालतो. तिथल्या सरावाच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. पाटीवर धूळ पसरून बोटानं अक्षर गिरवायचं, चुकलं तर हात फिरवून पुन्हा काढायचं. नवख्याची भीती घालवायला हा एक शब्द पुरतो.

अधिकार देण्याच्या कलमात मात्र सैलपणा परवडत नाही. ‘एक्सझेड’ या फायली आवळून लहान करणाऱ्या साधनात ‘जिया टॅन’ या नावानं कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ नेटानं काम केलं, सहदेखभालीचा अधिकार मिळवला आणि शेवटी चोरवाट बसवली. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला दूरच्या संगणकात लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्यांनी माग काढला, म्हणून ती चोरवाट सापडली. मूळ देखभाल करणारा जवळपास एकटा होता, थकलेला होता, आणि अधिकार वाटून द्या म्हणून त्याच्यावर दबाव येत होता.

म्हणून ‘विश्वासू सदस्यांना अधिकार प्रदान केले जातील’ एवढ्यावर भागत नाही. असं लिहावं: ‘तुमचे दहा बदल स्वीकारले गेले की अधिकार मागा. दोन जुने सदस्य मिळून ठरवतील. प्रत्येक बदल दुसऱ्या कुणीतरी तपासलाच पाहिजे, तुमचाही आणि आमचाही. वर्षभर काम थांबलं तर अधिकार काढून ठेवू. परत आलात की सांगा, पुन्हा देऊ.’ हे त्या पूर्व भागातल्या मुलीला एकदा मोठ्यानं वाचून दाखवावं, आणि ती जिथे थांबेल तिथे वाक्य बदलावं.