खालच्या पापणीवरचा भार

कुणाचा डोळा बसवलेला आहे असं कळलं की लोक बुबुळाचा रंग जुळलाय का ते बघतात. माझी नजर जाते खालच्या पापणीकडे. रंग आजकाल बेमालूम जुळतो. पापणी केसभर उतरली की मात्र लपत नाही. लग्नाच्या पंगतीत असं टक लावून बघण्यावरून घरच्यांची बोलणीही मी खाल्ली आहेत.

इतिहास उरकून घेतो. मीना चढवलेल्या सोन्याच्या डोळ्यांचं वर्णन सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पारे या शल्यवैद्यानं केलं. १८३५ पासून जर्मनीतल्या लाउशा गावात लुडविग म्युलर-उरी काचेचे डोळे घडवू लागला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन काच मिळेनाशी झाली आणि अमेरिकी लष्करातल्या दंततंत्रज्ञांनी कवळीचं अ‍ॅक्रिलिक डोळ्यासाठी वापरलं.

आपल्याकडेही म्हणूनच बरेच डोळे दंत महाविद्यालयांत बनतात. अशा एका विभागात मी मुद्दाम जाऊन बसलो होतो. शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू चिमट्यानं एकेक करून चिकटवले जात होते. खुर्चीतल्या आजोबांच्या खोबणीत मेणाचा नमुना होता. “काका, वर बघा. आता खाली. पापणी मिटा,” असं म्हणत तंत्रज्ञ ताई तो पुन्हापुन्हा काढून त्याची खालची कड तासत होत्या. रंगापेक्षा जास्त वेळ त्या एका कडेवर गेला.

खरा डोळा पापणीवर टेकलेला नसतो. सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा तो गोळा स्नायू, चरबी आणि पडद्यांनी धरलेला असतो. तो काढल्यावर आत सहसा १८ ते २२ मिलिमीटरचा गोळा बसवून वरून शिवतात आणि पुढच्या पोकळीत अ‍ॅक्रिलिकचं कवच सरकवतात. या कवचाला धरणारं कुणीच नाही! काही ग्रॅमचं ते ओझं वर्षानुवर्षं खालच्या पापणीवर येतं. तिच्यातली ताठ पट्टी जेमतेम चार-पाच मिलिमीटर उंचीची, दोन्ही टोकं हाडाला बांधलेली. ओल्या कपड्यांनी दोरीला झोळ यावा तसा तिला झोळ येतो, आणि बहुधा कानाकडचं टोक आधी सैलावतं. मग कड बाहेर वळते, पाणी गालावर येतं, चिपडं साचतात. तोंड पुसताना डोळा हातात येतो. तो उठसूट काढणाऱ्याची पापणी दर खेपेला ओढली जाते, हे वेगळंच.

वरच्या पापणीचं दुखणं निराळं. आतला भराव कमी पडल्यानं तिच्यावर खळगा पडतो आणि ती झुकते. रुग्ण म्हणतो, डोळा जरा मोठा करून द्या. वरच्या कडेला भर घातली की पापणी उचलते, आरशात माणूस खूश होतो. पण वजन वाढलेलं असतं. काही काळानं खालची पापणी आणखी उतरते, कवच कलतं, वरची पुन्हा झुकते. पुन्हा भर! माझ्या मते दीर्घकाळ डोळा वापरणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी या चक्रातच जन्मतात. १८९८ मध्ये हर्मान स्नेलेन यांच्या सूचनेवरून म्युलर घराण्यानं दुहेरी भिंतीचा पोकळ काचडोळा केला: जाड, तरी हलका. मला त्या अक्कलहुशारीचं अजून अप्रूप वाटतं.

वरच्या पापणीच्या आत घासून उठणारे दाणे हा आणखी एक त्रास. वर्षातून एकदा कवच नीट पॉलिश करून घेतल्यानं तो बराच टळतो, तरी तेवढ्यासाठी येणारे थोडेच.

पापणी किती सैलावली हे डॉक्टर साध्या चिमटीनं पाहतात: खालची पापणी पुढे ओढून सोडायची. ती उघडझाप न करता झटकन जागेवर गेली तर ठीक, रेंगाळली तर सैल. शस्त्रक्रियेत क्रम महत्त्वाचा. आधी आतला भराव पुरा करायचा, वेळ पडली तर अंगावरची त्वचेखालची चरबी लावूनही. मग खालच्या पापणीचं बाहेरचं टोक आखडून हाडाच्या आवरणाला शिवायचं. ही पद्धत अँडरसन आणि गॉर्डी यांनी १९७९ मध्ये मांडली. तेवढ्यानं भागलं नाही तर मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी आधाराला ताणून घालतात. वरची पापणी सगळ्यांत शेवटी, आणि तिचं माप डोळा बसवलेला असतानाच.

शस्त्रक्रिया नको असेल तर चष्म्याची युक्ती आहे. त्या बाजूला प्लस नंबरची काच बसवली की खोल गेलेला डोळा मोठा दिसतो, आणि पापणीवर गुंजभरही वजन वाढत नाही. दोन्ही काचा पॉलिकार्बोनेटच्या घ्याव्यात. पाहणारा डोळा एकच असल्यानं त्याला फुटक्या काचेचा धोका नको.