सेंटिमीटरभर फटीतलं गणित

उपकेंद्रातल्या ११ किंवा ३३ केव्हीच्या वाहिनीवर बिघाड झाला की ती तोडण्याचं काम बहुतेक ठिकाणी व्हीसीबी, म्हणजे व्हॅक्युम सर्किट ब्रेकर करतो. त्याच्या सीलबंद निर्वात नळीत तांबं-क्रोमियमचे दोन संपर्क असतात आणि ११ केव्हीच्या ब्रेकरमध्ये ते जेमतेम सेंटिमीटरभर दूर होतात. आत हवा नाही, तेव्हा आर्कही होणार नाही असं वाटतं. पण संपर्क सुटताना शेवटच्या टेकलेल्या बिंदूवरचा धातू वितळतो, त्याची वाफ होते आणि वीज त्या वाफेच्या प्लाझ्मातून वाहत राहते. पुढे धारा शून्यावर आली की ही आर्क विझते; ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात तो क्षण सेकंदाला १०० वेळा येतो. मधल्या काही मिलिसेकंदांत फटीत काय घडतं, हे संगणकावर मांडायचे प्रयत्न अनेक दशकं चालू आहेत. सगळं सांगणारं एकच मॉडेल अजून नाही. निरनिराळ्या तुकड्यांसाठी निरनिराळं भौतिकशास्त्र वापरून जोडलेलं मॉडेलच इथे खरं उपयोगाचं आहे, असं माझं मत आहे.

अडचण सुरू होते ऋणाग्रापासून. आर्कची धारा ऋणाग्राच्या सगळ्या पृष्ठभागातून निघत नाही. ती मायक्रोमीटरच्या मापाच्या झगझगीत ठिपक्यांतून निघते. तांब्यावर एकेक ठिपका साधारण ५० ते १०० अँपिअर वाहून नेतो आणि धारा वाढली की ठिपके वाढतात. त्यांतून सुटणारे धातूचे आयन सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपास वेगाने धनाग्राकडे झेपावतात. धनभारित कण धनाग्राकडेच जातात, हे शाळेत शिकलेल्या नियमाच्या अगदी उलट. इलेक्ट्रॉनांचा दाब आणि त्यांच्या धडका आयनांना तिकडे रेटतात. बाहेरून आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं तर ठिपके अपेक्षेच्या विरुद्ध दिशेला सरकतात. ही गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक आहे, तरी तिच्या स्पष्टीकरणावर अजून एकमत नाही. भौतिकशास्त्रज्ञांपैकी गेनादी मेस्यात्स ठिपक्याकडे सूक्ष्म स्फोटांची मालिका म्हणून बघतात, तर आंद्रे अँडर्स त्याच्या वागण्यात फ्रॅक्टल रचना पाहतात.

मग ज्याचा उगमच नीट कळलेला नाही त्या प्लाझ्माचं गणित विश्वासाचं कसं? आक्षेप रास्त आहे. पण ठिपक्याच्या पोटात काय चाललंय हे न कळताही त्यातून काय बाहेर पडतं ते मोजता येतं: आयनांचा वेग, त्यांचा सरासरी भार, एकूण धारेत त्यांचा साधारण दशांश वाटा. हे आकडे ऋणाग्राजवळच्या सीमेवर ठेवून पुढे इलेक्ट्रॉन आणि आयन यांना वेगवेगळ्या तापमानाचे दोन द्रव मानून समीकरणं सोडवतात. धारा साधारण दहा हजार अँपिअरपलीकडे गेली की आर्कचं स्वतःचंच चुंबकीय क्षेत्र तिला आवळतं, उष्णता धनाग्राच्या एका भागावर एकवटते आणि तिथला धातू वितळू लागतो. संपर्कांना विशिष्ट चिरा देऊन अक्षाच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र निर्माण केलं तर आर्क पसरलेली राहते. ते क्षेत्र कुठे किती हवं, याचा अंदाज हीच समीकरणं देतात.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतून येतो: ब्रेकर शेवटी चाचणीवरच पास होतो, तर मॉडेल हवंच कशाला? धारा तुटली की नाही ते चाचणी सांगते. का तुटली नाही, हे तिच्यातून क्वचितच कळतं. मात्र मॉडेलचा धोका मला दुसरीकडे दिसतो. धारा शून्याजवळ आली की प्लाझ्मा विरळ होतो, कणांची टक्कर दुर्मिळ होते आणि द्रवाची कल्पनाच लागू राहत नाही. तरीही समीकरणं गुळगुळीत आलेख काढून देतात. उरलेले आयन काही मायक्रोसेकंदांत ओसरत असताना संपर्कांवर पुन्हा व्होल्टेज चढत असतं, म्हणून तिथे कणांचा मागोवा घेणारी पद्धतच वापरली पाहिजे आणि एक पद्धत कुठे थांबवली ते संशोधकाने लिहिलंच पाहिजे.

हा आग्रह आता जास्त निकडीचा आहे. उच्च विद्युतदाबाच्या ब्रेकरमध्ये वापरला जाणारा एसएफ६ (सल्फर हेक्झाफ्लोराइड) वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा वीस हजार पटींहून अधिक तापमानवाढ करतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये अशा फ्लोरिनयुक्त वायूंवर बंदी घातली आहे, आणि निर्वात ब्रेकर अधिकाधिक उच्च विद्युतदाबाकडे नेले जात आहेत. तिथे फट कित्येक सेंटिमीटरची होते, फटीच्या मध्यावर अक्षीय चुंबकीय क्षेत्र क्षीण होतं आणि निर्वाताची विद्युतसहनशक्ती अंतराच्या प्रमाणात वाढत नाही. सेंटिमीटरभर फटीत पारखलेले सीमेवरचे आकडे तिथे तसेच चालतील असं गृहीत धरता येणार नाही; ते नव्याने मोजावे लागतील.