दाढ ठणकतेय आणि अंगात तापही आहे, मग आधी कोणाकडे जायचं?

रात्रीचे साडेअकरा. बाहेर पाऊस. घरात कोणाला तरी दोन दिवसांपासून ताप आणि अंगदुखी आहे, आणि नेमकी आजच त्याची दाढ ठणकायला लागली. चोपड्यातले दातांचे दवाखाने केव्हाच बंद झालेत. अम्मी डब्यात लवंगा शोधताहेत, अब्बा ओळखीच्या मेडिकलवाल्याला फोन लावताहेत, आणि कोणीतरी म्हणतं, "आधी ताप उतरू द्या, दाताचं नंतर बघू."

अशी रात्र आपल्यापैकी बहुतेक घरांनी काढलेली आहे. "दाताचं नंतर बघू" हे कधी अगदी बरोबर असतं, आणि कधी तेच जीवावर बेततं. फरक ओळखायचा कसा, यासाठी हा लेख.

पहिला प्रश्न असा की ताप दाढेमुळे आहे की वेगळा? सर्दी-खोकला आधी आला, घरात इतरांनाही ताप आहे, दाढ दुखते पण गाल सुजलेला नाही, तर बहुधा दोन्ही दुखणी वेगवेगळी आहेत. सर्दीत नाकाच्या बाजूच्या पोकळ्या भरतात, त्यानेही वरच्या दाढा दुखतात. खाली वाकल्यावर दुखणं वाढतं आणि एक नाही तर वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, असं असेल तर दोष दाढेचा नसूही शकतो. पण आधी दाढ दुखली, मग हिरडी किंवा गाल सुजला आणि त्यानंतर ताप चढला, तर समजावं की दाढेच्या मुळाशी पू झालाय आणि संसर्ग अंगात पसरतोय. इथे ताप उतरायची वाट बघत बसायचं नाही, कारण मुळातली घाण निघाल्याशिवाय हा ताप खरा उतरत नाही. गोळीने चार तास उतरेल, पुन्हा चढेल.

दातांच्या डॉक्टरांची सकाळपर्यंतही वाट बघू नये, अशा काही खुणा आहेत. सूज हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरली, जिभेखालची जागा कडक होऊन जीभ वर उचलल्यासारखी वाटते, तोंड दोन बोटं मावतील एवढंही उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, आवाज बदललाय, श्वास घ्यायला त्रास होतोय, किंवा सूज वर डोळ्यापर्यंत गेलीय. यातलं एकही दिसलं तर थेट मोठ्या दवाखान्यात. जबड्याखालच्या या सुजेला डॉक्टर 'लुडविग अँजायना' म्हणतात. जर्मन डॉक्टर विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी 1836 मध्ये तिचं वर्णन केलं. नावात अँजायना असलं तरी हृदयाशी संबंध नाही. बहुतेक वेळा तिची सुरुवात खालच्या मागच्या दाढेपासून होते, आणि धोका दुखण्याचा नसून श्वासाची वाट बंद होण्याचा असतो. आपल्याकडे आधी उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथून गरज पडली तर तापी ओलांडून जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. हा रस्ता तास-दीड तासाचा आहे, म्हणून निघायचा निर्णय लवकर घ्यावा. अशा रुग्णाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. 108 ला फोन करा, ही ॲम्ब्युलन्स मोफत आहे. रुग्णाला आडवं झोपवू नका, बसवून ठेवा.

आता गोळ्यांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. मेडिकलवर जाऊन "दाढेची गोळी द्या" म्हटलं की डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक असं काहीतरी हातात येतं. एरवी या गोळ्या दाढेला चांगल्या लागू पडतात. पण पावसाळ्यात किंवा त्यानंतर आलेला ताप डेंग्यूचाही असू शकतो, आणि डेंग्यूत याच गोळ्या आणि ॲस्पिरिन रक्तस्रावाचा धोका वाढवतात. म्हणून ताप कशाचा हे कळेपर्यंत दाढेसाठीसुद्धा पॅरासिटामॉलच घ्यावी. मोठ्या माणसाला 500 मिलिग्रॅमची एक किंवा दोन, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसभरात 4 ग्रॅमच्या वर कधीच नाही. लिव्हरचा आजार असलेल्यांनी आणि अंगाने अगदी बारीक असलेल्यांनी याहून कमी, डॉक्टरांना विचारून. लोक फसतात ते असे: तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, दाढेची वेगळी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल! पाकिटामागची बारीक अक्षरं घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या. मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी दुखण्याच्या इतर गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊच नयेत. मुलांना ॲस्पिरिन नको, आणि 12 वर्षांखालच्या मुलांसाठी निमेसुलाईडवर आपल्या देशात 2011 पासून बंदी आहे.

उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या डब्यात असतातच. त्या नकोत. नसेची कळ त्यांनी थांबत नाही, आणि पू झाला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो. गोळी ठेचून हिरडीवर ठेवायची जुनी सवय तर पूर्ण सोडा, ॲस्पिरिनने हिरडी भाजते. मशेरी किंवा तंबाखू दाबून धरल्याने क्षणभर बधिर वाटतं, पण नुकसानच होतं. त्याऐवजी ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकून गुळण्या कराव्यात, गालावर बाहेरून थंड पट्टी ठेवावी (शेक नको), आणि दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपावं. आडवं पडलं की ठणका वाढतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. लवंगाच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन दाढेवर चालतो, बाटली ओतायची नाही. उलट्या होत असतील तर उलटीनंतर लगेच ब्रश करू नका. पोटातल्या आम्लाने दाताचा वरचा थर नरम झालेला असतो. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

ज्या घरात शुगरचा रुग्ण आहे, त्यांनी जास्त जपावं. दाढेतला पू शुगर वाढवतो आणि वाढलेली शुगर पू वाढवते. वरून दाढेमुळे जेवण जात नाही, तापामुळे चव नाही, म्हणून कोणी इन्सुलिन बंद करतं, तर कोणी उपाशीपोटी नेहमीएवढंच घेतं. दोन्हींत धोका आहे. शुगर तपासा, पातळ खिचडी, दलिया, दूध असं काही पोटात जाऊ द्या, आणि डोस किती घ्यायचा हे आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारा.

रमजानमध्ये हाच प्रसंग आला तर? आपल्याकडे रोजा तुटेल या भीतीने लोक दाढेचं दुखणं ईदपर्यंत ओढतात. सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतीत आजारी माणसाला रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करण्याची सवलत साफ दिलेली आहे. ताप आणि सूज असताना ती घेण्यात कमीपणा कसला? शिवाय जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1997 च्या ठरावात म्हटलंय की दात साफ करणं, दाढ काढणं याने रोजा तुटत नाही, फक्त घशाखाली काही जाऊ देऊ नये. रक्त किंवा पाणी गिळलं गेलं तर मसला बदलतो, तेव्हा आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्या. शक्य असेल तर इफ्तारनंतरची वेळ घ्यावी. मात्र शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली, तर मगरिबपर्यंत थांबायचं नाही, रोजा तेव्हाच सोडायचा असं डॉक्टर सांगतात.

एक गोष्ट राहून जायला नको. डाव्या जबड्यात दुखतंय, दात मात्र धड आहेत, सोबत घाम, छातीवर दडपण, मळमळ, चालल्यावर दुखणं वाढतं, तर ती दाढ नाही, हृदयविकाराचा झटका असू शकतो. बायकांमध्ये आणि शुगरच्या रुग्णांमध्ये छातीत न दुखता नुसता जबडा दुखल्याचंही दिसतं. इथेही 108.

दातांच्या डॉक्टरांकडे जाताना ताप लपवू नका. "ताप सांगितला तर परत पाठवतील" म्हणून काही जण गोळी खाऊन, थंड होऊन जातात. डेंग्यूत प्लेटलेट कमी झालेले असताना दाढ काढली तर रक्त थांबवणं अवघड जातं. म्हणून ताप कधीपासून आहे, रक्त तपासलं का, कोणती गोळी किती वाजता घेतली, शुगर-बीपी किती, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून न्या. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच बंद करून जाऊ नका, ते डॉक्टर ठरवतील. सोबत घरातलं एक जाणतं माणूस असू द्या, कारण तापात आणि ठणक्यात डॉक्टरांनी सांगितलेलं अर्धं डोक्यावरून जातं.