जपानी वर्ग : पुण्यात आणि दोह्यात

पुण्यात जपानी भाषा तीन प्रकारच्या ठिकाणी शिकता येते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची पदवी आणि पदव्युत्तर पदवी घेता येते. याशिवाय शहरभर पसरलेले खासगी वर्ग आहेत. ते बहुधा संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी भरतात. अशा वर्गात अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सॉफ्टवेअर कंपनीतला नोकरदार, अनिमे पाहून भाषेकडे वळलेली शाळकरी मुलगी आणि निवृत्तीनंतर पाटी-पेन्सिल हाती घेतलेले गृहस्थ एकाच बाकावर बसलेले दिसतात.

या शहरात जपानी रुजली ती मुख्यतः कारखान्यांमुळे. १९८० च्या दशकात आकुर्डीच्या बजाज कंपनीने कावासाकीशी करार केला आणि त्या करारातून मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. पुढे चाकण, रांजणगाव आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील सुपे इथे जपानी कंपन्या आल्या, तर हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना जपानी गिऱ्हाईक मिळाले. जपानी गिऱ्हाईक आपली कागदपत्रे सहसा जपानीतच पाठवते, त्यामुळे ती वाचणारी माणसे लागली. ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून सिंहगड रस्त्यावर कोराकुएन उद्यानाच्या धर्तीची बाग उभी राहिली. २००६ मध्ये खुली झालेली ही बाग आज पु. ल. देशपांडे उद्यान म्हणून ओळखली जाते. ‘पूर्वरंग’मध्ये जपानच्या प्रवासाबद्दल लिहिणाऱ्या पुलंचे नाव तिला मिळाले, हे अगदी उचित झाले.

पहिले काही आठवडे लिपीत जातात. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमालांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे असतात. त्यांचा क्रम कळला की मराठी विद्यार्थी चमकतो. स्वर अ, इ, उ, ए, ओ असे येतात आणि त्यांच्यामागून क, स, त, न, ह, म, य, र, व या ओळी. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीबरोबर संस्कृत वर्णमालेचा अभ्यास जपानात नेला आणि हा क्रम त्यातून घडला. ‘ह’ची ओळ ‘प’च्या जागी कशी, याचेही उत्तर आहे : प्राचीन जपानीत तो उच्चार ‘प’च्या जवळचा होता. उच्चारांतही मराठी मुलांना एक घरचा फायदा मिळतो. चाक, चमचा यांतला दंत्य च जिभेवर असल्यामुळे ‘त्सु’ त्यांना सहज जमतो. हिंदीभाषकाला त्यासाठी मेहनत घ्यावी लागते. ऱ्हस्वदीर्घाकडे मात्र कान द्यावा लागतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. घाईत एक मात्रा गिळली की नाते बदलते.

वहीत सगळ्यात जास्त खाडाखोड होते ती काताकानातल्या ‘शि’ आणि ‘त्सु’ या अक्षरांवर. दोन्हींत दोन छोट्या रेघा आणि एक लांब फटकारा असतो. ‘शि’मध्ये छोट्या रेघा एकाखाली एक येतात आणि फटकारा खालून वर जातो. ‘त्सु’मध्ये त्या शेजारी-शेजारी येतात आणि फटकारा वरून खाली उतरतो. फरक लेखणीच्या दिशेत आहे, म्हणून चांगले शिक्षक अक्षर नुसते दाखवत नाहीत, हवेत बोट फिरवून काढायला लावतात. देवनागरीत उच्चार लिहून पाठ करण्याची सवय पहिल्या महिन्यातच मोडावी लागते. ती ज्यांची मोडत नाही, त्यांचा वाचनाचा वेग पुढे कायम अडखळतो.

व्याकरण सांगितले जाते तेवढे कठीण नाही, निदान मराठी माणसाला नाही. ‘वाताशि वा पुने नि सुन्दे इमासु’ या वाक्यात ‘नि’ हा पुण्यानंतर येतो, ‘पुण्यात’मधला ‘त’ येतो तसा, आणि क्रियापद शेवटी बसते. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला सगळे वाक्य उलटे करावे लागते, तर मराठीतून शिकणारा शब्द जागच्या जागी बदलत जातो. शिवाय नामांना लिंग नाही. असे असूनही बरेच वर्ग इंग्रजीच्या आधारे चालवले जातात आणि हाताशी असलेला हा आधार वाया जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

पहिली खरी गाळणी लागते ती क्रियापदाच्या ‘ते’ रूपापाशी. ‘मिन्ना नो निहोंगो’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकात ते चौदाव्या धड्यात येते. क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरानुसार रूप बदलते आणि विनंती, परवानगी, मनाई, चालू क्रिया हे सारे त्यावरच उभे राहते. विद्यार्थी चालीवर म्हणून ते पाठ करतात. इथवर भरलेला वर्ग यानंतर विरळ होतो. त्यातच मोजण्याची पद्धत वस्तूच्या आकारानुसार बदलते : पेन्सिल, छत्री, बाटली अशा लांबट वस्तू इप्पोन, निहोन, साम्बोन अशा मोजायच्या, कागदासाठी ‘माइ’, यंत्रांसाठी ‘दाइ’, लहान प्राण्यांसाठी ‘हिकी’.

आदरार्थी भाषेत मराठी विद्यार्थी आधी निर्धास्त असतो, कारण तू, तुम्ही आणि आपण त्याच्या घरात आहेत. मग अडचण कळते. मराठीत बाहेरच्या माणसाशी बोलतानाही ‘आमचे साहेब आलेत’ असेच म्हटले जाते. जपानी कचेरीत बाहेरच्या माणसासमोर आपल्या साहेबाचे आडनाव ‘सान’ न लावता घ्यायचे आणि त्याच्यासाठी नम्रतेचे क्रियापद वापरायचे, कारण त्या क्षणी तो आपल्यातला असतो. हे समजायला एक तास पुरतो, पण तोंडात बसायला कित्येक महिने लागतात.

कांजीचा, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांचा, डोंगर सगळ्यांनाच चढावा लागतो. २०१० च्या सरकारी यादीत नित्य वापरातली २,१३६ चिन्हे आहेत आणि बहुतेकांना दोन किंवा अधिक वाचने असतात. रोज पाच चिन्हे लिहिणारा टिकतो, परीक्षेआधी महिनाभर घोकणारा बहुधा टिकत नाही.

परीक्षा म्हणजे जेएलपीटी, अर्थात जपानी भाषा प्रावीण्य चाचणी. ती १९८४ मध्ये सुरू झाली तेव्हा जगभरात सुमारे ७,००० जण बसले होते. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या आहेत, एन-५ सर्वात सोपी आणि एन-१ सर्वात अवघड. गुण १८० पैकी असतात. उत्तीर्ण व्हायला एन-५ ला ८०, एन-२ ला ९० आणि एन-१ ला १०० लागतात. पण एकूण गुण पुरत नाहीत, प्रत्येक विभागात किमान गुण हवेत. श्रवणाला ६० पैकी १९ मिळाले नाहीत तर बाकी सगळे उत्तम असूनही विद्यार्थी नापास होतो. संवाद एकदाच ऐकवला जातो आणि एक चुकला की मन त्याच्यातच अडकून पुढचाही निसटतो. या परीक्षेत बोलणे तपासले जात नाही आणि याचा परिणाम वर्गांवर दिसतो. पर्याय निवडण्यात तरबेज झालेला, एन-३ चे प्रमाणपत्र हाती असलेला विद्यार्थी जपानी पाहुण्यासमोर गप्प उभा राहतो. ज्या वर्गांत पहिल्या महिन्यापासून जोडीने संवाद म्हणवून घेतात आणि वक्तृत्व स्पर्धेला मुलांना उभे करतात, तिथे ही कोंडी लवकर फुटते.

२०२० मध्ये जुलैची परीक्षा जगभर रद्द झाली आणि वर्ग पडद्यावर आले. या बदलाने आखातातल्या मराठी विद्यार्थ्यासाठी एक दार उघडले. कतारमधून पुण्याच्या वर्गात बसायचे तर घड्याळ सोयीचे आहे : दोहा भारतापेक्षा अडीच तास मागे असल्याने पुण्यातला रात्री साडेआठचा वर्ग तिथे संध्याकाळी सहाला लागतो. परीक्षेचे गणित मात्र उलटे पडते. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, आणि कतारमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. रविवार हा कामाचा पहिला दिवस. भारतात येऊन परीक्षा द्यायची तर त्या रविवारला धरून रजा काढावी लागते.

तरीही कतारमध्ये बसून जपानी शिकण्याला अर्थ आहे, कारण त्या देशाचा जपानशी संबंध जुना आणि खोल आहे. जपानच्या संवर्धित मोत्यांनी १९३० च्या दशकात आखातातल्या मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचा धंदा मोडीत काढला. पुढे त्याच जपानने कतारच्या वायूला पहिले मोठे गिऱ्हाईक दिले. चुबू इलेक्ट्रिक या जपानी वीजकंपनीने १९९२ मध्ये दीर्घ मुदतीचा करार केला आणि द्रवरूप वायूचे पहिले जहाज जानेवारी १९९७ मध्ये जपानला पोचले. वायूचे केंद्र असलेल्या रास लफानचे सुरुवातीचे काही प्रकल्प चियोदा या जपानी कंपनीने बांधले. ८ मे २०१९ रोजी सुरू झालेल्या दोहा मेट्रोचे डबे किंकी शार्यो या जपानी कंपनीचे आहेत. अशा प्रकल्पांवर कामाची भाषा इंग्रजी असते हे खरे, म्हणून तिथे नुसत्या जपानीवर नोकरीची आशा धरणे योग्य नाही. अभियंत्याला ती आपल्या मूळ कौशल्याच्या जोडीला उपयोगी पडते.

पुण्यात मागणी याहून स्पष्ट आहे. साधे ईमेल समजायला एन-३ पुरते, तांत्रिक भाषांतराला एन-२ लागते, आणि बैठकीत दुभाष्याचे काम करायला प्रमाणपत्रापेक्षा सराव मोलाचा. जपानने एप्रिल २०१९ मध्ये ठरावीक कौशल्यांच्या कामगारांसाठी नवा व्हिसा आणला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याबद्दल करार झाला. त्यातल्या बहुतेक कामांसाठी एन-४ किंवा तेवढीच दुसरी एक परीक्षा चालते. वृद्धांच्या शुश्रूषेला जाणाऱ्यांना या क्षेत्राची वेगळी भाषापरीक्षाही द्यावी लागते. त्यात दुखण्याचे शब्द येतात : डोके ठसठसते त्याला ‘झुकीझुकी’, काही टोचते त्याला ‘चिकुचिकु’, कातडी चुरचुरते त्याला ‘हिरीहिरी’. ठणकणे, सणकणे, चुरचुरणे हे सगळे वेगळाले जाणवणाऱ्या मराठी मुलीला हा धडा फारसा समजावून द्यावा लागत नाही.